अर्ध्या वर्गाला अर्धं जमलं की झालं

आधी व्याकरण, मग घोकंपट्टी, आणि वेळ उरलाच तर बोलणं. परकी भाषा शिकवण्याची ही आपल्याकडची ठरलेली वाट. १९७९ साली बेंगळुरूत इंग्रजी-अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी ती सोडून दिली. दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये पाच वर्षं त्यांनी इंग्रजीचे तास असे घेतले, की त्यांत व्याकरणाचा धडाच नव्हता. मुलांपुढे यायचा नकाशा, नाहीतर रेल्वेचं वेळापत्रक. समजा, एकाला दुपारी एकच्या आत पोचायचंय आणि रात्री घरी परत यायचंय, तर त्यानं कोणती गाडी धरावी? मुलगा हिशेबात गढतो. ‘बिफोर’, ‘आफ्टर’ तोंडून कधी निघून गेले, याचा त्याला पत्ताही नसतो.

काम किती अवघड द्यायचं, याचा प्रभूंचा एक ढोबळ आडाखा होता: साधारण अर्ध्या वर्गाला साधारण अर्धं जमलं, म्हणजे काम योग्य. सगळंच जमलं तर मुलं खिडकीबाहेर बघणार, काहीच जमेना तर हात टेकणार.

गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक कामात भान हरपतात ते कधी, याचा शोध शिकागोत मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय घेत होते. १९७५ साली त्यांनी मांडलेलं उत्तरही असंच होतं. आव्हान कौशल्याच्या तोडीचं हवं, नेमकं काय करायचंय ते स्पष्ट हवं आणि जमतंय की नाही हे लगेच कळायला हवं. बोलण्यात ही शेवटची सोय आयतीच असते. समोरच्याच्या कपाळावरची आठी लगेच दिसते!

पण बोलताना तंद्री लागणं सोपं नाही. काय सांगायचं ते ठरवणं, त्यासाठी शब्द जुळवणं आणि ते उच्चारणं, असे बोलण्याचे टप्पे भाषेचे मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडले. मायबोलीत शेवटचे दोन आपोआप उरकतात, सेकंदाला दोन-तीन शब्दांच्या वेगानं. परक्या भाषेत प्रत्येक टप्प्याला लक्ष पुरवावं लागतं. त्यात ‘हसतील का’ ही धास्ती असली, की उरलंसुरलं लक्षही तीच खाते. अशा वेळी मन हिशेबात किंवा कोड्यात गुंतलेलं असलं, तर धास्तीला जागा कमी उरते. मला प्रभूंच्या वेळापत्रकाची खरी करामत हीच वाटते.

नुसतं रमून मात्र भागत नाही. १९६५ पासून कॅनडातल्या क्युबेकमध्ये इंग्रजी घरांतली काही मुलं शाळेतलं बरंचसं शिक्षण फ्रेंचमधूनच घेऊ लागली. अशा मुलांना फ्रेंच छान समजतं, पण बोलताना क्रियापदं आणि लिंग वर्षानुवर्षं चुकतच राहतात, हे भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवलं. अर्थ पोचला की मेंदू शब्दांच्या रूपाकडे कशाला बघेल?

यावरचा एक उपाय अगदी साधा आहे: तेच काम पुन्हा द्यायचं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक मार्टिन बायगेट यांनी एका विद्यार्थिनीला टॉम अँड जेरीच्या एका चित्रफितीची गोष्ट सांगायला लावली आणि काही दिवसांनी तीच पुन्हा विचारली. दुसऱ्या खेपेला काय सांगायचं हे ठरलेलंच असतं. मग मोकळं झालेलं लक्ष शब्दांकडे वळतं, आणि वाक्यं सुधारतात.