सादृश्य, व्यक्तिचित्रणातील

चित्र पाहताच ते अमुक एका व्यक्तीचे आहे अशी ओळख पटविणारा गुण व तो साधण्याची तंत्रे. कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत (साधारणतः तेरावे शतक) चित्राची जी सहा अंगे दिली आहेत त्यांत सादृश्याचा समावेश आहे. तेथे मूळ व्यक्तीशी साम्य अभिप्रेत आहे, की मत्स्यासारखा डोळा, धनुष्यासारखी भुवई असे उपमानाशी साम्य, याविषयी मतभेद असून संदर्भ पाहता पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो.

तंत्राचे तपशीलवार विवेचन मराठवाड्याच्या सीमेलगतच्या कल्याणी येथून राज्य करणाऱ्या चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ. स. ११३० च्या सुमारास) आढळते. आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे काढलेल्या चित्रास त्यात ‘विद्धचित्र’ म्हटले आहे. केसांच्या रेषेपासून भुवयांचा मध्य, नाकाचा शेंडा व हनुवटी यांवरून खाली उतरणारे ब्रह्मसूत्र, म्हणजे मधली उभी रेषा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पक्षसूत्रे, म्हणजे बाजूच्या उभ्या रेषा, ही मोजणीची चौकट होय. समोरून दिसणाऱ्या ‘ऋजु’ स्थानात दोन्ही बाजूंची अंतरे सारखी असतात; चेहरा वळू लागला की एक बाजू रुंदावते व दुसरी आक्रसते, आणि अशा रीतीने ‘भित्तिक’ या पूर्ण पार्श्वदर्शनापर्यंतची पाच स्थाने सिद्ध होतात.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत व्यक्तिचित्रे आहेत काय, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील दरबारदृश्य व त्याच लेण्याच्या छतावरील पेला हाती घेतलेला, दाढी व टोपी असलेला परदेशी पुरुष यांवरून वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने १८७९ मध्ये छतावरील पुरुष म्हणजे इराणचा सम्राट दुसरा खुस्रू आणि भिंतीवरील प्रसंग म्हणजे बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारी आलेले त्याचे शिष्टमंडळ, असे मत मांडले. ते पुढे बराच काळ पुनरुक्त होत राहिले. परंतु कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरविले. ही कालनिश्चिती मान्य केल्यास सातव्या शतकातील राजांची ओळख टिकत नाही. शिवाय छतावरील ही आकृती थोड्याफार फरकाने अनेकदा येते. तिची ओळख टोपी, दाढी व पेहराव यांवरून पटते, चेहऱ्याच्या घडणीवरून नव्हे. म्हणून तिला ‘परदेशी पुरुष’ या प्रकाराचे चित्र मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याउलट पैठणच्या सातवाहनांच्या रौप्य नाण्यांवरील राजमुखांत वैयक्तिक लक्षणे टिपण्याचा प्रयत्न जाणवतो. तो बहुधा पश्चिम भारतातील शक राज्यकर्ते क्षत्रप यांच्या नाण्यांच्या अनुकरणातून आला असावा.

सतराव्या शतकात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे दख्खनमधील मोगलांचे प्रमुख ठाणे असताना शबीह म्हणजे व्यक्तिचित्र बहुधा ‘एकचश्म’, म्हणजे एकच डोळा दिसेल असे पार्श्वदर्शी काढले जाई. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही सलग कडा एकदा अचूक उतरली की सादृश्य बव्हंशी साधते. ती जपण्यासाठी पातळ कातड्यावर ‘चरबा’, म्हणजे मूळ रेषांची नक्कल, उतरवीत, रेषेवर सुईने छिद्रे पाडीत व कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून थोपटून तीच कडा नव्या कागदावर घेत.

मुंबईतील जे. जे. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) अभ्यासक्रमातून पाश्चात्त्य पद्धत रूढ झाली. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याच्या प्रतिकृती करणारे पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आले. या पद्धतीत हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतात, ओळंब्याच्या रेषेवर डोळ्याचा कोपरा व ओठाचा कोपरा ताडून पाहतात आणि डोळे किलकिले करून छायेचे मोठे आकार आधी मांडतात. पापण्या व ओठ यांचे काम नंतर. डोळा सुंदर उतरूनही नाकपुडी व वरचा ओठ यांतील अंतर किंचित वाढले तर चेहरा परका दिसू लागतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक असून चित्र आरशात उलटे पाहिल्यास ती चटकन ध्यानात येते.

दिवंगत व्यक्तीची तसबीर ओळखपत्रावरील लहान छायाचित्रावरून करावयाची असल्यास अडचण वेगळी असते. समोरच्या प्रकाशाने भुवयांखालची व हनुवटीखालची छाया पुसली गेलेली असते आणि तीच तर चेहऱ्याला उठाव देते. अशा वेळी चित्रकार भावाला किंवा मुलाला खिडकीजवळ बसवून त्याच्या चेहऱ्यावरून छायेची जागा ठरवितो व अंतरे मात्र छायाचित्रातलीच ठेवतो.