ऊतक-रंजन (लिम्फोमा निदानातील)

लसिका ग्रंथीचे अतिपातळ छेद रंगवून त्यांतल्या पेशी ओळखण्याची पद्धत. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आहे का आणि कोणत्या जातीचा, हे प्रामुख्याने याच काचपट्ट्यांवर ठरते.

मानेत गाठ आली की नाशिकमध्ये काय, इतरत्र काय, पहिला संशय क्षयाचा येतो. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. क्षयजंतू झील-नील्सन रंगात लाल दिसतात. मात्र क्षयाच्या गोळ्या चालू असूनही गाठ वाढतच राहिली, तर ती काढून तपासावी लागते. सुईने घेतलेल्या नमुन्यात सुट्या पेशी दिसतात, ग्रंथीची बांधणी दिसत नाही. म्हणून शक्यतो अख्खी गाठ काढतात.

बराचसा घोळ रंगाच्या आधीच झालेला असतो. सुरगाणा किंवा पेठसारख्या तालुक्यातून नमुना नाशिकला यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो कशात बुडवून ठेवला होता यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सलाइनमध्ये ठेवलेली गाठ सडू लागते. अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रवात) टाकली, तरी वेष्टनामुळे द्रव मध्यापर्यंत लवकर पोचत नाही. त्यामुळे आधी तिचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करावे लागतात. पुढे काप मेणात बसवून ब्लॉक बनवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉनचे छेद घेतात.

पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा: केंद्रके निळी-जांभळी, बाकीचे गुलाबी. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या रोगातल्या (आजचा हॉजकिन लिम्फोमा) रीड-स्टर्नबर्ग पेशी यातच दिसतात. दोन केंद्रके, प्रत्येकात एक ठळक ठिपका. घुबड आपल्याकडे बघत असल्यासारखे.

त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलीभाषेत ‘मार्कर’. ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड छेदावर सोडतात. ते चिकटले तिथे तपकिरी रंग उमटतो. सीडी२० हे प्रथिन बी-पेशींची खूण, सीडी३ टी-पेशींची; या लसिका पेशींच्या दोन मुख्य जाती. अभिजात हॉजकिन लिम्फोमात सीडी३० आणि बहुधा सीडी१५ उमटतात. मँटल पेशींच्या लिम्फोमात सायक्लिन डी१ दिसते, तर बर्किट लिम्फोमात की-६७ (विभाजन होणाऱ्या पेशींची खूण) जवळपास शंभर टक्के पेशींत. सर्वांत बोलका बीसीएल२: निरोगी ग्रंथीतल्या पुटकाचा (बी-पेशींच्या गोल पुंजक्याचा) मधला भाग त्यात कोराच राहतो, फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा तोच तपकिरी होतो. एकट्या मार्करवर निदान करणे मात्र धोक्याचे. रंग नीट चढला की नाही हे पाहायला सोबत टॉन्सिलचा छेदही रंगवतात.

सीडी२० कळण्याचा उपयोग उपचारातही होतो. अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेले रिटुक्सिमॅब हे औषध याच प्रथिनाला धरते. ते घेऊन झालेल्या रुग्णात सीडी२० नाहीसे झालेले असू शकते, म्हणून जुन्या औषधांची नोंद पॅथॉलॉजिस्टला द्यावी.

अवघड नमुन्यांसाठी नाशिकचे नातेवाईक मुंबईला दुसरे मत घ्यायला जातात. तिथे नुसत्या काचपट्ट्या पुरत नाहीत, नवे मार्कर लावायला ब्लॉक लागतो. तो प्रयोगशाळेतून मागून घ्यावा, आणि वैशाखाच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नये. मेण मऊ पडते.