लोकसभेत याचिका देताय? ‘अधिवेशन संपलं’ म्हणजे नेमकं काय संपलं ते आधी बघा

मालवणच्या एका रापण संघाने (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) सह्या घेतलेली याचिका पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवली होती. टीव्हीवर ‘लोकसभा अनिश्चित काळासाठी तहकूब’ अशी पट्टी दिसली होती ना! त्यांचं म्हणणं, ‘अधिवेशन संपला, आता कोणाक देवचा?’

तहकुबीने फक्त बैठक थांबते. तहकुबी लोकसभेचे अध्यक्ष करतात आणि सत्रसमाप्ती, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपणं, होईपर्यंत तेच बैठक पुन्हा बोलावू शकतात. सत्रसमाप्ती राष्ट्रपतींच्या आदेशाने होते. तेव्हा खासदारांनी दिलेल्या प्रलंबित सूचना (नोटिसा) बाद होतात, विधेयक मांडण्याच्या सूचना तेवढ्या वाचतात; म्हणून प्रस्तावाची सूचना पुन्हा द्यायची आठवण खासदारांना तुम्हीच करा. याचिका समितीपुढचं काम मात्र सुरूच राहतं. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त खंड पडू शकत नाही. तेवढ्यात कागद नीट करून घ्या.

भ्यायचं ते विसर्जनाला, म्हणजे लोकसभाच बरखास्त होण्याला. लोकसभेत अडकलेली विधेयकं आणि समितीपुढच्या याचिका त्याने संपतात. आपल्या वेंगुर्ल्याच्या खासदार बॅरिस्टर नाथ पैंनी १९६७ साली मांडलेलं घटनादुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडून परत आलं होतं, तरी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते गेलं.

याचिकेच्या अर्जाचं म्हणाल तर तो साधाच आहे: प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा, आणि मांडणाऱ्या खासदाराची प्रतिस्वाक्षरी. मराठीत लिहिला तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावरही सही हवी. लोक हमखास चुकतात ते पुढेच. ग्रामपंचायतीचा ठराव, प्रतिज्ञापत्र, होडीचे कागद, सगळं टाचून आणतात. याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं वा इतर कागद जोडायचेच नसतात! एरवी प्रत्येक खिडकीवर झेरॉक्स मागणाऱ्यांनी ही एक ओळ मराठीत छापून द्यायला काय हरकत होती? माणसं दिवसाची मजुरी बुडवून येतात हो.

कोर्टात चालू असलेला विषयही घेत नाहीत, आणि राज्याचा विषयही नाही. पिशवीतली याचिका मी उघडली तर तक्रार किनाऱ्यालगतच्या पर्ससीनची, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या मासेमारीची. १२ सागरी मैलांच्या आतली मासेमारी राज्याकडे, बाहेरची केंद्राकडे. रापण तर किनाऱ्यावरूनच ओढतात. म्हणून ती विधानमंडळाच्या नावाने नव्याने लिहायला घेतली आहे. तिथे सत्रसमाप्ती राज्यपाल करतात. अंगठे सगळे पुन्हा घ्यावे लागणार, त्यामुळे होड्या किनाऱ्याला लागायच्या वेळी शाईचा पॅड घेऊन जातोय.