सोडलेल्या श्वासाचा फोटो

आर्वीकडच्या एका खेड्यात राहणारी माझी मावशी मागच्या हिवाळ्यात छातीचा फोटो घेऊन आली. फोटो म्हणजे एक्सरे; आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून ती काळी फिल्म काढून तिनं दारातल्या उजेडासमोर धरली आणि म्हणाली, "फोटोत काईच नाई निंगालं म्हणे. मंग चार पावलं चाललं का धाप कायले लागते रे?"

बिडीला तिनं जन्मात हात लावलेला नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या, आणि हातात फुंकणी. घरात गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं.

एक्सरे खोटा नव्हता. एक्सरे म्हणजे सावली. बरगड्या, हृदय, फुप्फुसं सगळं एकावर एक पडून एकच चित्र उमटतं. सीओपीडी हा श्वासनळ्या अरुंद करत जाणारा जुनाट आजार त्यात दिसतो तो बराच पुढे गेल्यावर. फुप्फुसं फुगून खालचं श्वासपटल सपाट होतं, हृदय लांबट, अरुंद दिसतं. त्याआधीची कित्येक वर्षं फोटो 'नॉर्मल' येऊ शकतो. ही 'नॉर्मल'ची चिठ्ठी हातात देऊन माणसाला घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं.

निदानाची पहिली पायरी फोटो नाहीच, फुंक आहे. स्पायरोमीटरच्या नळीत छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून पूर्ण रिकामा करायचा. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढल्यानंतरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर पडली, तर नळ्यांत अडथळा आहे असं समजतात. नळी हातात घेऊन मावशी म्हणाली, "हे त फुकनीच होय." फुंकायला ती पटाईत, पण हवा झटक्यात निघेना, शेवटपर्यंत चिरीचिरीनं येत राहिली.

अडथळा आहे हे कळलं. तो कुठे आणि कसला, हे सिटी स्कॅन सांगतो. जुन्या टीबीचे व्रण, रुंदावून बसलेल्या श्वासनळ्या, खाणीतल्या धुळीच्या गाठी हेही त्यात वेगळे ओळखता येतात, आणि आपल्या भागात ते बघावंच लागतं. हे यंत्र बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरनं. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि 1979 चं नोबेल त्याला अ‍ॅलन कॉर्मॅकसोबत मिळालं. स्कॅनमधला प्रत्येक ठिपका म्हणजे त्याच्याच नावानं मोजलेला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे 1000. भरून श्वास घेतलेलं निरोगी फुप्फुस उणे 850 च्या आसपास.

आता संत्र्याची फोड सोला. आत पातळ पापुद्र्यांत बांधलेल्या रसाच्या बारीक पिशव्या असतात. फुप्फुसातही 30 ते 50 कोटी सूक्ष्म वायुकोश असतात, फक्त रसाऐवजी हवेचे. त्यांचे पापुद्रे फाटून मोठमोठ्या पोकळ्या झाल्या की आकडा उणे 950 च्याही खाली जातो. यालाच एम्फिसिमा म्हणतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा प्रकार जास्त. चुलीच्या धुरानं आजारी पडलेल्यांत पोकळ्या तुलनेनं कमी, आणि बारीक श्वासनळ्यांचं नुकसान जास्त आढळतं. इथेच पंचाईत होते. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या सिटी स्कॅनलाही दिसत नाहीत.

चोर दिसत नसेल तर त्यानं अडवलेला माल बघायचा. श्वास घेताना फुप्फुस ताणलं जातं, नळ्याही ओढून उघडतात. सोडताना त्या मिटतात आणि हवा मागे कोंडून राहते. म्हणून स्कॅन दोनदा काढतात, एकदा श्वास भरून, एकदा सोडून. सोडल्यावर निरोगी भाग करडा होतो. हवा कोंडलेला भाग काळाच राहतो, ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा. 2012 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दोन्ही स्कॅन संगणकात ठिपक्यावर ठिपका बसवून ताडून पाहिले. कुठे पापुद्रे फाटलेत आणि कुठे नुसती हवा अडलीय, हे त्यातून वेगळं काढता येतं.

मावशीनं पडद्यावरच्या काळ्या ठिगळांकडे बोट दाखवलं. "हा चुलीचा धूर का?" बऱ्याच जणांना तसंच वाटतं. धूर नाही, काजळीही नाही. तिथे हवा आहे, बाहेर न पडलेली.

प्रत्येक धाप लागणाऱ्याला यंत्रात सरकवायची मात्र गरज नसते. छातीच्या एका नेहमीच्या सिटी स्कॅनमध्ये साठ-सत्तर एक्सरेंइतका किरणोत्सर्ग होतो, शिवाय आर्वीहून वर्ध्याला जायचं तर दिवस मोडतो. आणि श्वास सोडून काढायचा स्कॅन डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय सहसा काढत नाहीत.

टेक्निशियननं मावशीला आधी बाकावर बसवून तीनदा सराव करून घेतला. "मावशी, सोडा... अजून सोडा... आता थांबा." अर्धवट सोडलेल्या श्वासाचा स्कॅन वाया जातो. श्वास नीट सोडलाय की नाही, हे रेडिओलॉजिस्ट मुख्य श्वासनळीवरून ओळखतात: तिची मागची मऊ भिंत आत वळलेली दिसली पाहिजे. मावशीच्या दुसऱ्या स्कॅनवर ती वळलेली होती.