उद्योगातील तज्ज्ञांच्या मुलाखतींतून पदवी अभ्यासक्रमाचे मूल्यमापन : बडोद्यातील अभियांत्रिकी विभागांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

उद्योगातले तज्ज्ञ विद्यार्थ्यांच्या घेतात त्या या मुलाखतींत तपासला जातो तो अभ्यासक्रम. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत त्यातला एकही गुण जात नाही आणि नोकरीही मिळत नाही. खालच्या बहुतेक अटी एवढ्याचसाठी आहेत, की हा दिवस प्लेसमेंटच्या मुलाखतीसारखा होऊ नये. तसा झाला की विद्यार्थी पाठ केलेली उत्तरे देतो, तज्ज्ञ उमेदवार हेरत बसतो आणि अभ्यासक्रमाबद्दल काहीच हाती लागत नाही.

यासाठी दिल्लीहून ठरावीक अर्ज येत नाही. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारे राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ, म्हणजे एनबीए, पदवीधराकडे कोणत्या क्षमता असाव्यात ते सांगते (प्रोग्राम आउटकम, बोलीभाषेत पीओ); त्या कशा मोजायच्या हे विभागाने ठरवायचे आणि पुराव्यानिशी दाखवायचे. जुन्या चौकटीत पीओ १२ होते, सुधारित चौकटीत ११ आहेत. तेव्हा एनबीएला द्यायचा आपला स्वयंमूल्यमापन अहवाल कोणत्या नमुन्यात जाणार, हे पाहूनच मुलाखतीचे प्रपत्र छापा. क्रमांक चुकले तर मेहनत खरी असूनही एनबीएच्या तपासणी समितीपुढे कागद जुळत नाहीत.

बहुतेक विभाग परीक्षा-प्रकल्पांच्या थेट मोजमापाला ८० टक्के आणि सर्वेक्षणांना २० टक्के वजन देतात. हा रूढ प्रघात आहे, सक्ती नाही. मुलाखत यात कुठे धरायची? ‘तुम्हाला इथे काय शिकायला मिळाले?’ असे विचारले तर ते मत झाले, म्हणजे अप्रत्यक्ष मोजमाप. तज्ज्ञाने समोर आकृती ठेवून दोष शोधायला सांगितला आणि उत्तराला रुब्रिकप्रमाणे (प्रत्येक पातळीचे वर्णन देणाऱ्या तक्त्याप्रमाणे) पातळी दिली, तर ते थेट मोजमाप म्हणून मांडता येते. दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच तक्त्यात मिसळू नका.

तज्ज्ञ कोण चालतो

दर पॅनलवर दोघे. एकाला तरी त्या शाखेतला किमान ५ वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. दोघेही मनुष्यबळ विभागातले असतील तर तांत्रिक प्रश्न विचारायला कुणीच उरत नाही. दोघांपैकी एक तरी आपल्या विभागाचा माजी विद्यार्थी नसावा. त्या वर्षी कॅम्पसवर भरतीला येणाऱ्या चमूतला माणूस, कुणाचा प्रकल्प-मार्गदर्शक किंवा विद्यार्थ्याचा नातेवाईक चालत नाही. बडोद्यासारख्या गावात, जिथे अर्धा दांडिया बाजार एकमेकांच्या ओळखीचा, तिथे हा शेवटचा प्रश्न लेखी विचारावाच लागतो.

कोयलीची रिफायनरी किंवा मोठे खत-रसायन कारखाने यांच्याकडेच सगळे धावतात. मकरपुरा, वाघोडिया, नंदेसरी इथल्या जीआयडीसीतील (सरकारी औद्योगिक वसाहतींतील) लहान कारखानदारांनाही बोलवा. मोठ्या कंपनीत नव्या अभियंत्याला बहुधा आधी प्रशिक्षण मिळते. लहान कारखान्यात तो पहिल्या आठवड्यातच यंत्रापाशी उभा असतो, त्यामुळे पदवीत काय कमी पडले ते मालकाला लवकर दिसते. निवृत्त अभियंते वेळ भरपूर देतात, पण काम सोडून ५ वर्षांहून जास्त झाली असतील तर जोडीला आज कामावर असलेला माणूस द्या.

विद्यार्थी कसे निवडायचे

शेवटच्या सत्रातले, प्रकल्पाचा मधला आढावा झालेले विद्यार्थी घ्या. ६० जणांच्या वर्गातून २४ पुरतात: सीजीपीएनुसार वर्गाचे तीन समान गट पाडून प्रत्येकातून ८ जण चिठ्ठ्या टाकून काढा, शिवाय ३-४ राखीव. बॅकलॉग असलेल्यांना वगळायचे नाही. विभागप्रमुखांनी ‘चांगले बोलणारे’ निवडून पाठवणे हा सर्रास चालणारा घोटाळा, आणि तो आकड्यांत लगेच दिसतो: सगळ्यांना ४ पैकी ४. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या, म्हणजे डी-टू-डी विद्यार्थ्यांची नोंद वेगळी ठेवा. पहिले वर्ष त्यांनी इथे केलेलेच नसते.

कागदपत्रे

सुरुवात विभागाच्या प्रस्तावाने: उद्देश, तपासायचे पीओ, तारीख, खर्चाचा अंदाज. त्याला विभागीय समितीचा ठराव जोडून डीन कार्यालयाची मंजुरी घ्या. तज्ज्ञाकडून एक पानी परिचय, संमतीपत्र, हितसंबंध नसल्याचे लेखी निवेदन आणि नोकरीत असल्यास कंपनीचे ना हरकत पत्र. मानधन किंवा प्रवासखर्च द्यायचा असेल तर पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेश त्याच दिवशी घ्या. नंतर मागितले की बिल लेखा शाखेत अडकते आणि पुढच्या वर्षी तो माणूस फोन उचलत नाही.

विद्यार्थ्याच्या संमतीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: गुणांवर परिणाम नाही, नकार देता येतो, उत्तरे कंपनीला मिळणार नाहीत. गुणांकन पत्रकावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहा. ध्वनिमुद्रण शक्यतो टाळा. हवेच असेल तर त्याची संमती वेगळी घ्या.

दिवस आणि वेळ

महिनाभर आधी पत्र, आठवडाभर आधी अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि रुब्रिक. नवरात्रात रात्रभर गरबा झाल्यावर सकाळी दहाला कुणी ताजेतवाने येत नाही. उत्तरायणाचे दोन दिवस आणि मार्चअखेरही सोडा. रसायन कारखान्यांच्या वार्षिक शटडाऊनची तारीख आधीच विचारून घ्या. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सहसा सोयीचा पडतो.

मुलाखत २५ मिनिटे आणि लिहायला १० मिनिटे धरली तर ८ विद्यार्थ्यांना ४ तास ४० मिनिटे लागतात. म्हणजे २४ जणांना तीन पॅनल आणि एक दिवस. ही १० मिनिटे वाचवायला जाऊ नका. तिसऱ्या विद्यार्थ्यानंतर पहिल्याचे काय ऐकले ते आठवत नाही. सकाळी सुरुवातीला अर्धा तास काढून सर्व तज्ज्ञांना दोन नमुना उत्तरे द्या आणि प्रत्येकाला पातळी लावायला सांगा. कुणी उदार, कुणी कडक, हे तिथेच उघड होते.

रुब्रिक आणि प्रश्न

चार-पाच पीओच घ्या, आणि लेखी परीक्षेत नीट न सापडणारे घ्या: नैतिकता, संघकार्य, संवाद, स्वतः शिकत राहणे. प्रत्येकाला १ ते ४ पातळ्या, आणि प्रत्येक पातळीचे वर्णन शब्दांत. नुसते ‘उत्तम’, ‘साधारण’ लिहिले तर सगळे ३ वर येऊन बसतात. विद्युत शाखेसाठी चालणारा एक प्रश्न: “तुमच्या प्रकल्पातला कोणता आकडा तुम्ही स्वतः मोजलात? तो चुकीचा असता तर कशावरून कळले असते?” इथे तयार उत्तर कामाला येत नाही.

तांत्रिक प्रश्नांना गुजराती, हिंदी, मराठी कशातही उत्तर चालेल असे आधीच सांगा. इंग्रजीतला अडखळा संवादाच्या रकान्यात मोजा. तो विषयज्ञानाच्या रकान्यात गेला तर ट्रान्सफॉर्मर समजणारा मुलगाही १ वर येतो. खोलीत विभागाचा प्राध्यापक बसू नये. दोघा तज्ज्ञांनी आधी वेगवेगळे गुण लिहावेत, मगच बोलावे; दोन पातळ्यांचा फरक पडला तर कारण पत्रकावर नोंदवावे.

निकालाचे पुढे काय

लक्ष्य आधी ठरवून ठरावात लिहा, उदाहरणार्थ ६५ टक्के विद्यार्थी पातळी ३ किंवा वर. २४ पैकी १५ जण तिथे पोचले तर ६२.५ टक्के, म्हणजे लक्ष्य चुकले. पण इथे एक विद्यार्थी म्हणजेच चार टक्क्यांहून थोडे जास्त, त्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा तीन टक्के वाढ दाखवून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. टक्केवारीपेक्षा तज्ज्ञांचे शेरे एकत्र वाचा; सहापैकी चौघांनी स्वतंत्रपणे तीच उणीव लिहिली असेल तर ती खरी.

पंधरा दिवसांत विभागीय बैठक घ्या. प्रयोगाची पद्धत किंवा प्रकल्पाचे वेळापत्रक विभाग स्वतः बदलू शकतो. अभ्यासक्रमातला बदल अभ्यास मंडळातून विद्वत परिषदेपर्यंत जातो, म्हणून दोन्हींच्या याद्या वेगळ्या करा. कृती अहवालात प्रत्येक बदलापुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख हवी. जिओटॅग केलेल्या फोटोंची जाडजूड फाईल सगळेच करतात. भेटीला आलेला एनबीए समितीचा जाणता सदस्य मात्र गुणांकन पत्रके, बैठकीचे इतिवृत्त आणि त्यानंतर बदललेली प्रयोगवही मागतो. ही तिन्ही एकाच फाईलमध्ये, वर्षवार, मूळ सह्यांसह ठेवा.