खाली उतरणारं वजन

पुतण्या सहा महिने बारबेलने, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या लांब दांड्याने, ओव्हरहेड प्रेस (वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलायचा व्यायाम) मारत होता. मागच्या सोमवारी देवगडच्या जिममध्ये त्याने पहिल्यांदा डंबेल्स, म्हणजे एकेका हातात धरायची वजनं, घेतले, तेही हलके. बुधवारी सकाळी दोरीवरचा टॉवेल काढायला त्याने डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरलं. "काका, हात वर जाणा नाय," म्हणाला, पण चेहऱ्यावर समाधान होतं. दुखतंय म्हणजे व्यायाम लागू पडला, असं त्याचं गणित. मला ते गणितच पटत नाही.

व्यायामात स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडमुळे असं दुखतं, असं अनेकांना वाटतं, पण त्याचा या दुखण्याशी संबंध नाही. ते साधारण तासाभरात निपटतं. हे दुखणं 12 ते 24 तासांनी सुरू होतं आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त जाणवतं. 1902 सालीच शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी स्नायूतल्या बारीक इजांकडे बोट दाखवलं होतं. या इजा मुख्यतः वजन खाली आणताना होतात, कारण तेव्हा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी भार धरूनही ठेवत असतो.

आमच्याकडे आंबे उतरवणाऱ्या गड्यांना हे अंगानेच ठाऊक असतं. भरलेला झेला (आंबे काढायची काठीच्या टोकाची जाळी) हळूच खाली घेताना काठीचा सगळा भार खांद्यावर येतो. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदे भरून येतात. आठवड्याने काठी तीच, झाडं तीच, पण दुखणं नाही. एकदा ताण सोसलेला स्नायू पुढे कित्येक आठवडे त्या ताणाला सरावलेला राहतो. मात्र हा सराव बराचसा त्याच हालचालीपुरता असतो, आणि पुतण्याची हालचाल बदलली होती.

बारबेलचा दांडा दोन्ही हातांना बांधून ठेवतो. तो गळ्याच्या हाडापासून सरळ वर जायला हवा, म्हणून हनुवटी मागे घ्यायची आणि दांडा कपाळ ओलांडून गेला की डोकं पुन्हा पुढे आणायचं. डंबेल्समध्ये प्रत्येक हात आपला तोल आपणच सांभाळतो. त्यामुळे खांद्याच्या स्नायूंवर वेगळा ताण येतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2013 साली उभ्याने केलेले दोन्ही प्रकार मोजले. डंबेल्सने वजन कमी उचललं गेलं, तरी खांद्याचा डेल्टॉइड हा स्नायू जास्त राबला. दंडामागचा ट्रायसेप्स मात्र बारबेलवर जास्त राबला.

त्याला करून दाखवायला सांगितलं. कोपरं थेट बाजूला फाकलेली, कंबर मागे वाकलेली. कोपरं साधारण 30 अंश पुढे घेतली की हात खांद्याच्या फऱ्याच्या रेषेत येतो. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या 180 अंशांतले सुमारे 60 फऱ्याच्या फिरण्यातून येतात, म्हणून त्याला मोकळं फिरू द्यायला हवं. नितंब आवळले, बरगड्या खाली ठेवल्या, की कंबर आपोआप सरळ होते.

आता दुखणं ओसरेपर्यंत हात हलके हलवत राहायचं. पुढच्या वेळी पाचऐवजी दोनच सेट, वजन सावकाश खाली. सांध्यात कळ आली, हाताला मुंग्या आल्या किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र थेट डॉक्टरकडे.