चलदलकरांचं गोकुळ

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं, की त्या विमानतळाची बरीचशी जमीन त्रांब्ले-आं-फ्रांस नावाच्या गावाच्या हद्दीत येते. आता ते पॅरिसचं उपनगर झालंय, पण नाव झाडावरून पडलेलं. फ्रेंचमध्ये 'त्रांब्ल' म्हणजे ॲस्पेन, पॉप्लरच्या गोतातलं एक झाड. लॅटिन 'त्रेम्युलुस', म्हणजे थरथरणारा, हा त्या शब्दाचा पूर्वज.

ॲस्पेनच्या पानाचा देठ चिमटीत धरला तर तो गोल लागत नाही. दोन्ही बाजूंनी चेपलेल्या फितीसारखा असतो, आणि ही फीत पानाच्या पात्याला काटकोनात उभी असते. त्यामुळे अंगाला जाणवणारही नाही इतक्या झुळुकीने देठ आडवा लवतो आणि पान हलत राहतं. आपल्याकडे ही सळसळ पिंपळाची. पिंपळाचा देठ असा चेपलेला नसतो, लांब आणि लवचीक असतो, पण परिणाम तोच. संस्कृतात पिंपळाचं एक नाव 'चलदल' आहे, हलणाऱ्या पानांचा. दोन दूरच्या भाषांनी दोन वेगळ्या झाडांना एकाच गुणावरून हाक मारली.

'त्रांब्ले'तलं शेवटचं 'ए' म्हणजे लॅटिन '-एतुम'चा झिजून उरलेला तुकडा. त्याचा अर्थ राई. चेस्टनटांची राई ती शातने, ओकची ती रूव्रे, ॲस्पेनची ती त्रांब्ले. उत्तर फ्रान्समध्ये अशी गावं आणि वाड्या पुष्कळ. तिथून उठून दुसरीकडे गेलेल्या माणसाला नव्या गावाने त्या नावाने ओळखायचं, ही रीत आपल्या '-कर' आडनावांची जुळी बहीण. पिंपळगावात राहणाऱ्याला कोणी पिंपळगावकर म्हणत नाही, तो गाव सोडतो तेव्हा म्हणतात. पुढे 1539 च्या राजाज्ञेने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवणं सक्तीचं झालं आणि हाकेचं नाव कागदावर गोठलं.

इथवर काही विशेष नाही. फ्रान्समध्ये त्रांब्ले हे चारचौघांसारखं आडनाव आहे, पहिला नंबर तिथे मार्तांचा. पण अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या क्युबेक प्रांतात गेलं की चित्र पालटतं. तिथे हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. प्रांताच्या सांख्यिकी संस्थेने 2006 मध्ये आडनावांची यादी काढली तेव्हा दर हजारी जवळपास 11 माणसं त्रांब्ले निघाली. गान्यों आणि र्‍वा त्यांच्या मागे. त्यातही 'र्‍वा' म्हणजे राजा. हे टोपणनाव कितीतरी घराण्यांना स्वतंत्रपणे चिकटलं, जसे आपल्याकडचे पाटील काही एका पाटलाचे वंशज नाहीत. त्रांब्लेंचं तसं नाही. तिथले जवळजवळ सगळे त्रांब्ले एकाच जोडप्यापासून आले आहेत.

प्येर त्रांब्ले हा फ्रान्समधल्या पेर्श भागातल्या रांदोने गावचा. जन्म 1626 चा. 1647 मध्ये तो तेव्हाच्या 'नव्या फ्रान्स'मध्ये, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत आला. दहा वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1657 रोजी, त्याचं ओझान आशोंशी लग्न झालं. ती ला रोशेलच्या बाजूची. दोघांना 12 मुलं झाली. त्यांतले चार मुलगे, प्येर, मिशेल, जाक आणि लुई, वाढले आणि संसाराला लागले. या 'चार' आकड्याकडे लक्ष ठेवा.

आडनाव टिकणं किंवा बुडणं हे गणित आहे, आणि ते आधी एका फ्रेंच माणसाने सोडवलं. इरेने-झ्यूल ब्येनेमे याने 1845 मध्ये उत्तर मांडलं, पण ते विस्मरणात गेलं. पुढे 1873 मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने तोच प्रश्न विचारला आणि हेन्री वॉटसनने तो सोडवताना चूक केली: सगळी आडनावं आज ना उद्या बुडणारच, असा निष्कर्ष काढला. तरी आज या गणिताला नाव आहे ते गाल्टन आणि वॉटसन यांचं. चुकलेल्याचं नाव राहिलं, बरोबर असलेल्याचं फारसं कोणी घेत नाही. आडनावांच्याच गणितात हे व्हावं!

समजा, प्रत्येक पुरुषामागे सरासरी एक मुलगा वाढून बाप होतो. कुणाला तीन, कुणाला एकही नाही, सरासरी एक. नेहमीचं सोपं संभाव्यतेचं सूत्र लावलं, तर एका पुरुषापासून सुरू झालेलं आडनाव पहिल्याच पिढीत नाहीसं होण्याची शक्यता 37 टक्के येते. दहा पिढ्यांत ती 84 टक्क्यांवर जाते. लोकसंख्या स्थिर, भांडण नाही, रोगराई नाही, तरी शंभरातली 84 नावं गेली. आता सरासरी दोन करा. मग आडनाव कधीतरी कायमचं बुडण्याची शक्यता फक्त 20 टक्के उरते. आणि पहिल्याच पिढीत चार मुलगे मार्गी लागले असतील, तर चारही शाखा एकजात बुडायला हव्यात: ती शक्यता हजारात दोनच्याही खाली. प्येरचं नाव बुडणार नाही हे त्याच्या घरातच ठरलं होतं.

पण टिकणं वेगळं आणि पहिला नंबर मिळवणं वेगळं. मोठं कुटुंब तिथे कुणाचं नव्हतं? त्रांब्लेंना साथ दिली ती जागेने. थोरला मुलगा प्येर पुढे लेझेबूलमां या जहागिरीचा मालक झाला. क्युबेक शहरापासून प्रवाहाच्या दिशेने खाली, सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठावरच्या शार्लव्वा भागात ही जागा येते. लेझेबूलमां म्हणजे दरडी. फेब्रुवारी 1663 च्या भूकंपात इथला डोंगर कोसळला त्यावरून हे नाव. (हा सगळा टापू सुमारे 54 किलोमीटर व्यासाच्या उल्कापाती विवरात वसलाय. उल्केने खणून ठेवलेल्या उतारावर घरं बांधायला सोपं गेलं असणार, एवढंच.) इथे माणसं कमी, जमीन मोकळी, आणि 1763 मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेल्यावर फ्रान्सहून नवी माणसं येणं जवळपास थांबलं. म्हणजे आडनावांचा साठा ठरून गेला. आता जी होती त्यांनीच वाढायचं.

मग 1838 आलं. शार्लव्वातल्या एकवीस भागीदारांची एक कंपनी लाकूडतोडीच्या निमित्ताने उत्तरेच्या सागने नदीच्या खोऱ्यात शिरली आणि वस्ती मागोमाग गेली. या मंडळींत पुढाकार होता तो ला मालबे गावच्या अलेक्सी त्रांब्लेचा, लोक त्याला 'पिकोते' म्हणत. पिकोते म्हणजे तोंडावर देवीचे व्रण असलेला. गावात त्रांब्ले इतके, की आडनावाने कोण ते कळेना. म्हणून पुन्हा टोपणनाव.

नव्या सीमेवर पहिल्यांदा पोचणाऱ्यांचा वंश जास्त फोफावतो का? सागने भागातल्या विद्यापीठात 1972 पासून चर्चच्या नोंदींवरून कुटुंबं जोडत जाणारा 'बाल्झाक' नावाचा प्रचंड संग्रह तयार होतोय. त्याच्या आधारे 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. वस्तीच्या पुढच्या फळीवर लग्न झालेल्या बायकांना मागे, भरवस्तीत राहिलेल्यांपेक्षा साधारण 15 टक्के जास्त मुलं झाली होती. मुलांना वाटून द्यायला जमीन होती, लग्नं लवकर होत. एका पिढीत हा फरक किरकोळ, पण चक्रवाढ व्याजासारखा साठत जातो.

याच वाढीची दुसरी बाजू दवाखान्यात दिसते. थोड्या पूर्वजांपासून मोठी लोकसंख्या झाली की त्यांतल्या एखाद्याकडे असलेला दुर्मीळ सदोष जनुकही पसरतो. सागने भागात टायरोसिनेमिया या यकृताच्या आजाराचा आणि चालण्याचा तोल जाणाऱ्या एका मज्जाविकाराचा सदोष जनुक प्रत्येकी साधारण 20-22 माणसांमागे एकाकडे असतो. म्हणून 2010 पासून तिथल्या जोडप्यांना अशा चार आजारांची वाहक चाचणी, म्हणजे सदोष जनुक अंगात आहे का हे पाहणारी तपासणी, मोफत मिळते.

इथे घाईने 'त्रांब्लेंचे आजार' म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, त्याच्याबरोबर नेमाने जातं ते फक्त वाय गुणसूत्र. बाकीचे जनुक आई-बाप दोघांकडून येतात. आजच्या एखाद्या त्रांब्लेपासून बारा पिढ्या मागे मोजल्या तर पूर्वजांच्या जागा 4,096 होतात. त्यांतल्या अनेक जागांवर तीच तीच माणसं पुन्हा येतात हे खरं, पण आडनाव देणारा प्येर हा तरी त्यांच्यातला एकच. सदोष जनुक गान्योंकडे किंवा बुशारांकडेही तितकाच असू शकतो.

ओझानचं काय झालं, हेही कागदावर आहे, कारण तिथल्या धर्मगुरूंनी बायकांची नोंद लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने ठेवली. 1981 पासून तर क्युबेकच्या कायद्यानेच बाई लग्नानंतर माहेरचं नाव राखते. 'आशों' हे नाव अर्थातच तिच्या मुलांना लागलं नाही. पण तिच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे फक्त आईकडून मुलांना मिळणारा पेशीतला भाग, मुलींना गेली, मुलींच्या मुलींना गेली, आणि प्रत्येक पिढीत जुनं आडनाव मागे टाकत वेगळ्या घरात शिरली.